दिवे लावले की पेट्रोल वाढते

काकूंना आमच्याकडे चार दिवस राहायला आणायचे म्हणून वाशीला गेलो होतो. परतताना ऐरोलीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा दिवस मावळत आला होता, ओहोटीमुळे खारफुटीच्या मुळांशी उघडा पडलेला चिखल दिसत होता आणि त्याचा खारट, उग्र वास खिडकीतून आत येत होता. पुढच्या गाड्यांचे दिवे लागलेले पाहून मीही कळ फिरवली. काकूंना गाडी चालवता येत नाही. पण शेजारी बसल्या की त्यांची नजर रस्त्यापेक्षा मीटरवर जास्त असते. इतकी वर्षे काकांच्या शेजारी बसून त्यांना ती सवयच लागली आहे. त्या म्हणाल्या, "अरे, दिवे लावले तसं पेट्रोल वाढलं बघ." मी हसलो. मग सहज म्हणून दिवे बंद केले, थोडा थांबलो आणि पुन्हा लावले. पेट्रोलचा काटा अगदी सावकाश, पण निश्चितपणे, रेघभर वर सरकला. त्याच्या जोडीने तापमानाचा काटाही सरकला. टाकीत होते तेवढेच पेट्रोल होते, इंजिनाला समोरच्या दिव्यांचे काही सोयरसुतक नव्हते, आणि तरीही दोन्ही काटे एका विचाराने हलले होते. मुलुंडच्या बाजूला उतरून तीन हात नाक्यापर्यंत पोहोचेपर्यंत मी ती कळ इतकी खालीवर केली की शेवटी काकू म्हणाल्या, "पुरे आता, मागचे लोक काय म्हणतील?"

ही गाडी काकांची. नव्वदच्या दशकातली, कार्ब्युरेटरवाली, लहानशी हॅचबॅक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होऊ लागला तेव्हा त्यांनी चालवणे सोडले आणि किल्ली माझ्या हातात दिली. किल्लीबरोबर एका बँकेने कधीतरी फुकट वाटलेली लांबट डायरीही दिली. तिच्यात चार रकाने आहेत. तारीख, किलोमीटर, लिटर हे तीन रकाने त्या पिढीतल्या पुष्कळ गाडीवाल्यांच्या वहीत सापडतील. चौथा रकाना खास काकांचा: पंपावर पोहोचले तेव्हा काटा कुठे होता. "काटा पाव, बसले 31 लिटर," अशी एक नोंद आहे. टाकी 35 लिटरची. म्हणजे काटा पावणेनऊ लिटर शिल्लक आहे असे सांगत होता तेव्हा आत जेमतेम चार लिटर होते. अशा नोंदी पानोपानी आहेत, आणि एके ठिकाणी तुर्भ्याच्या पुलाखाली गाडी बंद पडल्याची नोंद लाल शाईत, कसलेही भाष्य न करता केलेली आहे. काकांनी यातून काढलेला निष्कर्ष साधा होता. टाकी भरल्यापासून 350 किलोमीटर झाले की पंप गाठायचा आणि काट्याकडे पाहायचे नाही. पुलावरचा प्रकार मी त्यांना फोनवर सांगितला तेव्हा ते म्हणाले, "काट्यावर गाडी चालवतात हे तुला कोणी सांगितलं?"

मला मात्र तो एकमेकांच्या साथीने हलणारा काट्यांचा जोड स्वस्थ बसू देईना.

काट्याकडे पाहून आपण पेट्रोल अर्धे आहे असे बेधडक म्हणतो. काट्याला पेट्रोल ठाऊक नसते. टाकीत एक फ्लोट तरंगतो, त्याला जोडलेली काडी वरखाली होते, काडीच्या टोकाचा पत्रा विजेला विरोध करणाऱ्या तारेवर घासत सरकतो, त्यातून जाणारा प्रवाह कमीजास्त होतो आणि एकच एक वायर तो प्रवाह गाडीच्या मागच्या टोकापासून पुढच्या मीटरपर्यंत आणते. मीटरमध्ये दोन धातूंची एकमेकींवर चिकटवलेली पातळ पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला की तार तापते, दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणजे जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा प्रत्यक्षात त्या इवल्याशा पट्टीचे तापमान दाखवत असतो. म्हणूनच तो आळशी असतो. गतिरोधकावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि किल्ली फिरवल्यावर तो जागेवर यायला बराच वेळ घेतो. हा आळस मुद्दाम ठेवलेला गुण आहे. शेजारचा तापमानाचा काटाही याच जातीचा. फरक एवढाच की त्याच्या वायरच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या पाण्यात बुडालेला सेन्सर असतो, आणि पाणी तापते तसा त्या सेन्सरचा विरोध कमी होत जातो.

आता अडचण अशी की गाडीतला वीजदाब स्थिर नसतो. बंद गाडीत चांगली बॅटरी 12.6 व्होल्ट देते, इंजिन चालू झाल्यावर त्यावर फिरणारे विजेचे जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, तो दाब 14 च्या पुढे नेते. काटे थेट बॅटरीवर जोडले असते तर ॲक्सिलरेटर दाबताच पेट्रोल वाढल्यासारखे दिसले असते. म्हणून त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत दोन्ही काट्यांच्या आधी दाब आवरणारी एक डबी बसवलेली असे. ब्रिटिश पद्धतीच्या मीटरांत तिचा सरासरी दाब सुमारे 10 व्होल्ट ठेवलेला असे. तिच्यातही तशीच दोन धातूंची पट्टी असते. ती तापून वाकली की संपर्क तुटतो, निवली की पुन्हा जुळतो, आणि या अखंड उघडझापीतून सरासरी दाब हवा तेवढा राहतो. पण पट्टी तापायला तिच्यातून प्रवाह वाहिला पाहिजे, आणि प्रवाह वाहायला गाडीच्या पत्र्याशी तिची पक्की जोडणी हवी. याला गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. अर्थिंग कच्चे असेल तर पट्टी पुरेशी तापत नाही, संपर्क जास्त वेळ जुळलेला राहतो आणि काट्यांना नको तेवढा दाब मिळतो. मीटरला उजेड देणारे छोटे बल्बही आपला प्रवाह अर्थिंगच्या त्याच वायरने परत पाठवतात. मोरी आधीच अर्धी तुंबलेली असताना दुसरा नळही सोडावा तसे दिवे लावल्यावर होते. पाणी वर चढते, आणि आमच्या गाडीत त्याबरोबर पेट्रोलही.

यातली खरी गंमत निदानात आहे. दिवे लावल्यावर एकटा पेट्रोलचा काटा खाली गेला असता, तर संशय गाडीच्या मागच्या भागावर घ्यावा लागला असता, कारण पुष्कळ गाड्यांत मागच्या दिव्यांचे आणि टाकीतल्या युनिटचे, म्हणजे फ्लोट, काडी आणि तार यांच्या जोडणीचे, अर्थिंग जवळजवळ असते; ते कच्चे झाले की दिव्यांचा प्रवाह युनिटच्या वाटेत आडवा येतो. एकटाच काटा कधी चालतो, कधी मध्येच मरतो, असे असेल तर बहुधा विरोधाची तार झिजलेली असते. पण दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील, तर दोघांमध्ये सामाईक काय आहे तेवढेच शोधायचे. टाकी उघडायची नाही, सेन्सर बदलायचा नाही. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आधी नवे युनिट आणायला सांगतात, कारण नवा भाग विकता येतो आणि गंजलेला बोल्ट घासून दिला तर त्याची पावती काय फाडणार?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम 1962 साली ज्या वागळे इस्टेटमधून सुरू झाले, तिथल्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या मागच्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांच्याकडे संगणक जोडायची साधने नाहीत आणि आमच्या गाडीला ती जोडायला जागाही नाही. मी लक्षणे सांगू लागलो तसे त्यांनी हातातला चहा बाजूला ठेवला. "दोन्ही काटे वर जातात ना? मग टाकीला हात लावायचा नाही," ते म्हणाले, आणि मला फार बरे वाटले.

बॅटरीची वायर काढून मग मीटर बाहेर काढायचा. तो थोडा पुढे ओढून मागे हात घालून वेगाच्या केबलची चाप दाबावी लागते, नंतर कपलर सुटतात. इतक्या वर्षांचा बंदिस्त वास बाहेर आला: तापून थंड झालेल्या प्लास्टिकचा, धुळीचा, आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे काकूंनी दर दसऱ्याला लावलेल्या उदबत्त्यांचा. त्या उदबत्त्यांची राख फटींतून आत उतरून मीटरच्या मागे बारीक थर होऊन बसली होती. मागच्या बाजूला पिवळट प्लास्टिकवर तांब्याच्या चपट्या रेषा, त्यांत खोचलेले इवलेसे बल्ब, बल्बांना चढवलेल्या हिरव्या टोप्या. तिथून निघालेली काळी वायर स्टिअरिंगच्या खाली जाऊन पत्र्याला एका बोल्टने जोडली होती. मिस्त्रींनी बोल्ट सोडवण्याआधी मल्टिमीटर लावला. एक टोक त्या वायरीवर, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि मीटर तात्पुरता जोडून वीज चालू. चांगल्या जोडणीत इथे शून्याच्या आसपास, फार तर 0.1 व्होल्ट दिसायला हवे. दिवे बंद असताना 0.4 दिसले. दिवे लावल्यावर आकडा 1 व्होल्टच्या पुढे गेला. बोल्ट काढला तेव्हा वॉशरखाली हिरवट कळकटलेला थर होता आणि त्याखाली तांबूस गंज. वाशीच्या सोसायटीत ही गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असे, आणि खाडीवरून येणारी खारी, दमट हवा कुठे कुठे शिरते हे तिथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवे थिंबल लावले, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन फासले. मिस्त्रींनी या कामाचे इतके कमी पैसे सांगितले की मलाच संकोच वाटला.

गाडी सुरू केली. दिवे लावले, बंद केले, पुन्हा लावले. पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही. आधीपेक्षा बराच खाली, पण हटवादीपणे तिथेच. आणि तापमानाचा काटा, जो काकांच्या काळापासून सदैव मधोमध उभा असे, तो इंजिन चांगले तापल्यावरही 'सी'च्या, म्हणजे थंडच्या खुणेच्या, जवळच रेंगाळत राहिला.

मी गोंधळलो. दुरुस्ती केल्यावर चांगला चालणारा काटा बिघडला, असेच कोणीही म्हटले असते. मिस्त्री मात्र रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून पाहत होते. नळी चटका बसेल इतकी तापलेली होती, म्हणजे थर्मोस्टॅट, तापलेले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडा अडकून पाणी थंड राहत होते असेही म्हणता येईना. त्यांनी सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली, तसा काटा 'एच'कडे, म्हणजे गरमकडे, झेपावला. त्यावरून मीटर आणि वायर दोन्ही ठीक असल्याचे ठरले. उरला सेन्सर. तो बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन पट्टीचे जाड वेढे दिसले, नळ जोडताना प्लंबर गुंडाळतो तसेच. पाणी गळत होते म्हणून कधीतरी कोणीतरी हा उपाय केला असणार. पाणी थांबले. पण या सेन्सरला वायर एकच असते. प्रवाहाचा परतीचा रस्ता म्हणजे इंजिनात बसलेल्या त्याच्या आट्याच. पट्टीने तो रस्ता अरुंद केला, विरोध वाढला आणि काटा खरे तापमान असेल त्यापेक्षा कमी दाखवू लागला.

म्हणजे एक बिघाड काट्याला वर ओढत होता आणि दुसरा खाली. इतकी वर्षे जो काटा आम्ही इंजिनाच्या उत्तम प्रकृतीची खूण म्हणून पाहत आलो, तो दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध जोर लावत असल्यामुळे मध्यावर उभा होता.

हे कळल्यावर आधी हसू आले आणि मग थोडे दचकायलाही झाले. काका-काकू याच गाडीने कोकणात जाऊन आले आहेत. पोलादपूर सोडल्यावर कशेडी घाट चढताना काकूंची नजर या काट्यावर असे आणि तो मध्यावर आहे एवढ्याने त्या निर्धास्त असत. पेट्रोलच्या काट्यावर काकांनी विश्वास ठेवला नाही, कारण त्याची उलटतपासणी पंपावर आपोआप होत असे, लिटर समोर मोजले जात. तापमानाच्या काट्याची उलटतपासणी कोण करणार? बॉनेट उघडून पाणी किती अंश तापले आहे हे पाहायची सोय कोणाच्याच घरी नसते. म्हणून दोन्ही काटे एकाच दोषाने चुकत असताना एकाची बदनामी झाली आणि दुसऱ्याला घरच्या वडीलधाऱ्याचा मान मिळाला.

सेन्सर स्वच्छ करून तांब्याच्या वॉशरवर बसवला आणि मग मी उलटतपासणीची सोय करून घेतली. लांबूनच तापमान मोजणारी बंदुकीच्या आकाराची साधने आता स्वस्तात मिळतात. ती चकचकीत ॲल्युमिनियमवर कमी आकडा दाखवतात, हे ध्यानात ठेवून थर्मोस्टॅटच्या झाकणावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर नेम धरला. आमचा थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडू लागणारा आहे. पट्टीवर 80 च्या पुढचे आकडे दिसू लागले तेव्हा काटा मध्याच्या किंचित खाली होता, आणि पंखा सुरू झाला तेव्हा मध्याच्या वर. ही दोन ठिकाणे मी मनात पक्की केली. रेडिएटरच्या 0.9 बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणामुळे आतले पाणी 100 अंशांना उकळत नाही, 118 च्या आसपास उकळते. म्हणून काटा मध्याच्या वर गेला की लगेच गाडी थांबवून घाबरून जायचे कारण नसते. पण या सेन्सरची एक लबाडी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने ओळखून असावी. तो पाण्यात बुडालेला असतो तोवरच पाण्याचे तापमान सांगतो. नळी फुटून पाणीच निघून गेले तर तो हवेत उघडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. चढणीवर, भर उन्हात काटा अचानक 'सी'कडे घसरला तर हायसे वाटून घेऊ नये. तत्काळ इंजिन बंद करावे.

पेट्रोलच्या काट्याची परीक्षा जरा अवघड होती. टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर रात्री उशिरा पंपावर जायचे, 5 लिटर भरायचे, नळी बाजूला ठेवायला सांगायची, किल्ली अर्धी फिरवून काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे, खूण टिपायची, किल्ली बंद करून पुन्हा 5 लिटर. पंपावरचा मुलगा आधी चिडला, मग त्यालाच चेव चढला आणि "आता अर्ध्यावर येणार बघा" असे अंदाज बांधू लागला. त्याचे अंदाज चुकले, कारण टाकीचा आकार चौकोनी डब्यासारखा नसतो आणि फ्लोटची काडी सरळ न चढता कंसात फिरते. पहिल्या 5 लिटरने काटा थोडाच हलला, मधल्या भागात भराभर चढला आणि शेवटी पुन्हा मंदावला. आधी टाकी भरली की काटा 'एफ'ची रेघ ओलांडून बराच पुढे जात असे. आता तो रेघेवर थांबला. काकांना हे सगळे आकडे पाठवले. त्यांनी डायरी परत मागितली नाही, पण चौथा रकाना बंद करू नकोस, असे निक्षून सांगितले.

राहिला वेगाचा काटा. त्याचा या सगळ्या विजेच्या गोंधळाशी काही संबंध नाही. गिअरबॉक्समधून निघालेली पिळाची केबल मीटरमधले एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरेदार प्रवाह निर्माण होऊन तीही फिरू पाहते आणि केसासारखी स्प्रिंग तिला आवरून धरते. जर्मनीत ओटो शुल्झ यांनी 1902 साली नोंदवलेली ही कल्पना शतकभर जवळजवळ आहे तशीच चालली. जपानी मापात केबलचे 637 फेरे झाले की एक किलोमीटर पुरा होतो. किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांवर चालतात आणि काटा चुंबकावर, त्यामुळे किलोमीटर बिनचूक असूनही वेग चुकीचा दिसू शकतो. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी दुमडली आहे असे समजावे. आमचा थरथरत नव्हता. पाम बीच मार्गावर रविवारी भल्या सकाळी, सरळ पट्ट्यात, बायकोने मोबाइलवरचा उपग्रहाचा वेग वाचायचा आणि मी काट्याचा, अशी तपासणी केली. काटा 60 म्हणत होता तेव्हा मोबाइल 55 आणि 56 च्या मध्ये घोटाळत होता. मिस्त्री म्हणाले, काटा उपटून थोडा मागे बसवून देतो. मी नको म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतला 39 वा नियम असे सांगतो की वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यावर आणखी 4 किलोमीटरपर्यंत दाखवला तरी चालतो. 56 ला 60 दाखवणारा काटा त्या मर्यादेत आरामात बसतो. शिवाय टायर बदलताना पुढे कधी 145/70 मापाऐवजी त्याहून मोठे 155/70 घातले तर चाकाचा घेर जवळजवळ पावणेतीन टक्क्यांनी वाढेल आणि ही तफावत आपोआप तेवढी कमी होईल. ज्या चुकीची दिशा आणि मोजमाप दोन्ही ठाऊक आहेत, तिला हात लावायची मला घाई नाही.

खरी अडचण निघाली ती काकूंची. दुरुस्तीनंतर त्यांना घेऊन घोडबंदर रस्त्याने वसईकडे निघालो होतो. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत कासारवडवली ओलांडली आणि गायमुखच्या चढावर नेहमीप्रमाणे कंटेनरांच्या मागे अडकलो. पहिल्या गिअरमध्ये, दुपारच्या उन्हात, पावलापावलाने. तापमानाचा काटा मध्य ओलांडून वर चढू लागला. काकू सावरून बसल्या. पंखा सुरू झाल्याची घरघर ऐकू आली, काटा थांबला, सावकाश उतरला आणि गाडी पुढे सरकली तसा पुन्हा चढला. उतार लागेपर्यंत काकू एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू काहीतरी बिघडवून ठेवलंस. आधी कसा शहाण्यासारखा एका जागी उभा असायचा." मी त्यांना टेफ्लॉनची, अर्थिंगची सगळी कथा पुन्हा सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल, पण याच्याकडे बघून माझ्या जिवाला घोर लागतो."

त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण मोटारी बनवणाऱ्यांनीही पुढे काकूंचेच ऐकले आहे. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा थेट सेन्सरवर चालत नाही. मध्ये संगणक असतो, आणि तापमान साधारण 80 च्या घरापासून 100 च्या पुढेपर्यंत कुठेही असले तरी तो काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवला जातो. खरोखर धोका जवळ आला की मगच तो उचलला जातो. काही लहान गाड्यांत तर काटाच काढून टाकला आहे. थंड असताना निळा दिवा, अति तापल्यावर लाल, मधल्या प्रवासाबद्दल काही सांगायचेच नाही. काटा हलला की ग्राहक तक्रार घेऊन येतो, हे त्यामागचे कारण मला समजते. पण मग चढणीवर इंजिनाला किती श्रम पडतात, पंखा किती वेळात पाणी निववतो, कालच्यापेक्षा आज उशीर का लागला, हे पाहायची खिडकीच बंद होते. आमच्या गाडीत दोन बिघाडांनी नकळत जे केले, ते कारखान्यात विचारपूर्वक करतात, एवढाच फरक. मला हलणारा काटा आवडतो असे मी म्हणतो खरा; पण कापूरबावडीच्या सिग्नलला तो मध्याच्या वर गेला की माझाही हात नकळत एसीच्या बटणाकडे जातो.

आणि त्या हलण्यातूनच पुढचे काम निघाले. पंखा सुरू झाल्यावर काटा उतरतो, पण उतरायला फार वेळ लावतो. काळ्या पट्टीवर नेम धरून पाहिले तर पाणीही तितक्याच संथपणे निवत होते. म्हणजे या वेळी काटा निर्दोष होता. मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी हात फिरवला. वरचा भाग तापलेला, खालच्या एका कोपऱ्यात मोठा पट्टा जवळजवळ थंड. तिथल्या नळ्या क्षारांनी बुजल्या आहेत. वाशीच्या सोसायटीत बोअरचे पाणी बाहेरच्या नळाला होते आणि काका वर्षानुवर्षे तेच रेडिएटरमध्ये भरत आले. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पाणी ते पाणी. त्या वेळी कोण कूलंट घालत होतं?" रेडिएटर काढून रॉडिंग करून, म्हणजे बुजलेल्या नळ्यांत सळई फिरवून साफ करून, आणायचा, बाहेरच्या रबरी नळ्या बदलायच्या, कूलंट भरायचे, असा हिशेब मिस्त्रींनी एका पाकिटाच्या मागे लिहून दिला. अर्थिंगच्या कामाच्या कितीतरी पट तो आकडा आहे. काकूंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "म्हणजे तो काटा दुरुस्त केला नसतास, तर हा खर्च निघालाच नसता ना?"

निघाला असता, मी म्हटले, फक्त हेड गॅस्केट जळल्यावर, आणि बहुधा कशेडीत. काकूंनी पाकीट काकांना दाखवण्यासाठी पर्समध्ये ठेवले आहे. रेडिएटर सोमवारी काढायचा आहे.